घरगुती स्टर्लिंग इंजिन : भंगारातून केलेली प्रतिकृती

शीतपेयाचा रिकामा डबा, फुगा, सायकलचा स्पोक, जुन्या सीडी अशा टाकाऊ वस्तू जोडून घरी केलेले, बंदिस्त हवा आळीपाळीने तापवून आणि निववून चालणारे छोटे उष्णता इंजिन. त्यात वाफ नसते, झडपा नसतात, आत इंधन जळत नाही. आतली हवा तीच राहते. उष्णता बाहेरून द्यायची असल्याने मेणबत्ती, स्पिरिटचा दिवा किंवा चहाचा गरम कप, काहीही चालते. विज्ञान प्रदर्शनांत हे मॉडेल नेहमी दिसते आणि ऐन वेळी न चालणाऱ्या मॉडेलांतही त्याचा नंबर बराच वर असतो. जत्रेत मिळणारी पत्र्याची फटफट करणारी होडी अनेकांना याच जातीची वाटते, पण ती पाण्याच्या वाफेवर चालते. तिचा याच्याशी संबंध नाही.

पूर्वपीठिका

स्कॉटलंडमधील पाद्री रॉबर्ट स्टर्लिंग (1790–1878) यांनी 1816 मध्ये या इंजिनाचे पेटंट घेतले. त्यातली खरी नवी गोष्ट होती ती उष्णता वाचवण्याची युक्ती. गरम हवा थंड बाजूला जाताना वाटेतल्या धातूला आपली उष्णता देते आणि परतताना तीच उचलते. या भागाला आज रीजनरेटर म्हणतात. 1818 मध्ये असे एक इंजिन दगडाच्या खाणीतले पाणी उपसण्यासाठी बसवले गेले. पुढे रॉबर्टचे बंधू जेम्स यांनी डंडी येथील ओतकामाच्या कारखान्यातील वाफेचे इंजिन 1843 मध्ये हवेवर चालेल असे बदलून घेतले. ते चाललेही, पण सतत आगीवर असलेले सिलिंडर पुन्हा पुन्हा निकामी होत गेले आणि चारेक वर्षांत कारखाना वाफेकडे परतला. दोष तत्त्वात नव्हता, लोखंडात होता. बेसेमर पद्धतीचे मजबूत पोलाद आधी मिळाले असते तर हवेचे इंजिन टिकले असते, असे मत रॉबर्टने उतारवयात मांडले.

तरी लहान कामांसाठी ही इंजिने उरली. भारतात वीज न पोहोचलेल्या ठिकाणी रॉकेलवर चालणारे टेबल पंखे वापरात होते. त्यांच्या तळाशी दिवा असे आणि वर गरम हवेचे छोटे इंजिन. जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे ते अजून पाहायला मिळतात, काही तर चालूही आहेत. विसाव्या शतकात नेदरलँड्समधील फिलिप्स कंपनीने रेडिओ संचांसाठी स्टर्लिंग जनित्र विकसित केले; पण कमी विजेवर चालणारे ट्रान्झिस्टर रेडिओ आले आणि त्याची गरजच संपली. स्वीडनच्या गोटलांड वर्गातील पाणबुड्या पाण्याखाली असताना स्टर्लिंग इंजिने वापरतात. घरगुती प्रतिकृतींच्या दृष्टीने मात्र 1983 हे वर्ष महत्त्वाचे. झाग्रेब विद्यापीठाचे प्राध्यापक इव्हो कोलिन यांनी त्या वर्षी केवळ गरम पाण्याच्या उष्णतेवर चालणारे चपटे इंजिन दाखवले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे गणितज्ञ जेम्स सेन्फ्ट यांनी ते आणखी सुधारले. त्यांचे एक इंजिन तर दोन बाजूंच्या तापमानात अर्धा अंश फरक असला तरी फिरते.

कार्य

इंजिनात दोन हलते भाग असतात. एक, डिस्प्लेसर. हा सिलिंडरात सैल बसतो आणि स्वतः काही काम करत नाही; हवेला गरम टोकाकडून थंड टोकाकडे आणि परत ढकलत राहतो. दुसरा, शक्ती देणारा दट्ट्या किंवा त्याच्या जागी ताणलेला रबरी पडदा. डिस्प्लेसर थंड टोकाला असला की हवा गरम टोकाला जमते, फुगते आणि दट्ट्याला बाहेर लोटते. तो गरम टोकाला आला की हवा थंडीकडे सरकते, आकसते आणि बाहेरचा हवेचा दाब दट्ट्याला आत ढकलतो. डिस्प्लेसर दट्ट्याच्या सुमारे 90 अंश पुढे असावा लागतो, म्हणून क्रँकच्या, म्हणजे घड्या घातलेल्या फिरत्या आसाच्या, दोन घड्या काटकोनात वाकवतात. मधल्या निर्जीव क्षणांतून, म्हणजे दट्ट्याचा जोर नसताना, इंजिन पार होते ते फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकवर बसवलेल्या चाकाच्या, जोरावर.

चहाच्या कपावरील इंजिनाची गरम बाजू 85 अंश सेल्सिअस आणि खोली 30 अंश धरली, तर तत्त्वतः मिळू शकणारी कमाल कार्यक्षमता 15 टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्यक्षात त्याचा अगदी क्षुल्लक भाग हाती लागतो. एवढ्या तुटपुंज्या शक्तीला घर्षण सहज गिळते. आच वाढवून उपयोग होत नाही. बंद पडलेल्या इंजिनाखाली दुसरी मेणबत्ती ठेवणारा नवशिका बहुधा फुगाच जाळतो.

भंगाराची निवड

टाकाऊ वस्तू फुकट मिळतात हा त्यांचा दुय्यम गुण. मुख्य गुण असा की काही भंगारात घरच्या हत्यारांनी कधीच साधणार नाही एवढी अचूकता आयती मिळते. बंद पडलेल्या हार्ड डिस्कचे बेअरिंग आणि तिची चकती यांच्या तोडीचे फ्लायव्हील लेथशिवाय करणे कठीण. काचेच्या सिरिंजमधील दट्ट्या नळीत इतका नेमका घासून बसवलेला असतो की तो तेलाशिवाय आपल्या वजनाने हळूच घसरतो आणि तरीही हवा जवळजवळ सोडत नाही. प्लॅस्टिकच्या सिरिंजचा येथे उपयोग नाही. तिची रबरी गादी नळीला चिकटते आणि ती चिकट सोडवण्यातच सारी शक्ती संपते. सायकलचा स्पोक सरळ, ताठ आणि वाकवण्याजोगा असल्याने क्रँकला उत्तम. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड धुंडाळणारे हौशी लोक म्हणूनच पत्र्यापेक्षा बेअरिंगे आधी बघतात. पत्र्याचा डबा काय, कुठेही मिळतो.

वैद्यकीय कचऱ्यातली सिरिंज मात्र कधीही घेऊ नये. काचेची नवी सिरिंज प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानात मिळते.

डब्याचे इंजिन

सर्वांत प्रचलित रचना हीच. 330 मिलिलिटरच्या नेहमीच्या डब्याचा व्यास सुमारे 66 मिमी. असतो, त्यात सगळीकडून एक ते दोन मिमी. फट राहील असा डिस्प्लेसर लागतो. बारीक पोलादी लोकरीची गुंडाळी करून तो होतो, आणि लोकरीतून हवा खेळत असल्याने तोच थोडाफार रीजनरेटरचेही काम करतो. त्याची उंची डब्याच्या साधारण दोन-तृतीयांश ठेवतात, म्हणजे वरखाली व्हायला जागा उरते.

डिस्प्लेसर क्रँकला जोडतात तो तंगूसाने, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने. तंगूस झाकणातून बाहेर यायला हवा, पण त्याच्या कडेने हवा निसटता कामा नये. त्यासाठी झाकणाला सुईने भोक पाडून तीच सुई तेलात बुडवून भोकात उभी ठेवतात, भोवती एम-सीलचा छोटा गोळा दाबतात आणि तो घट्ट होत असताना सुई अधूनमधून फिरवत राहतात. सुई काढली की एम-सीलमध्ये गुळगुळीत अरुंद नळी तयार होते. एवढे एक काम नीट झाले की निम्मे इंजिन झाले म्हणावे. तंगूस फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, त्यामुळे डिस्प्लेसरने आपल्या वजनाने खाली यायचे असते. त्याचे वजन फ्लायव्हीलला एका बाजूला खेचते. ते तोलायला फ्लायव्हील म्हणून लावलेल्या सीडीच्या विरुद्ध कडेला एखादा नट चिकटवतात. हे न केल्याने कितीतरी इंजिने प्रत्येक फेरीत एकाच जागी अडतात.

डब्याच्या कुशीत, वरच्या थंड भागात, पीव्हीसीचा छोटा एल्बो (नळाचा काटकोनी जोड) बसवून त्याच्या तोंडावर फुग्याचा तुकडा बांधतात. हा पडदा फार ताणला तर हलत नाही, सैल सोडला तर नुसता फडफडतो. डब्याच्या वरच्या भागाभोवती पाण्याची वाटी हवी. ती नसेल तर इंजिन काही वेळ झोकात फिरते आणि मग वरचा भागही तापल्यावर हळूहळू थांबते. एम-सील आणि फुगा दोन्ही आचेपासून दूर, म्हणजे वरच्याच अंगाला, ठेवायचे ते यासाठीही.

चालू करण्यापूर्वी दोन चाचण्या पुरतात. पडदा आत दाबून धरला की हवेचा विरोध बोटाला जाणवला पाहिजे आणि तो लगेच विरता कामा नये. मग पडदा सोडवून फ्लायव्हीलला टिचकी मारावी. ते बऱ्याच फेऱ्या मारून आपोआप थांबले पाहिजे.

परीक्षानळी आणि गोट्या

याहून सोपी, आणि वर्गात दाखवायला बहुधा सर्वांत चांगली, रचना क्रँकविना चालते. आडवी परीक्षानळी मधोमध टेकूवर झुलती ठेवतात. आत तिच्यापेक्षा किंचित लहान चार-पाच काचेच्या गोट्या असतात. बुचातून निघालेली रबरी नळी काचेच्या सिरिंजला जाते, आणि सिरिंज बुचाच्या टोकाखाली उभी असते. बंद टोकाखाली ज्योत. गोट्या बुचाकडे असताना हवा गरम टोकाला असते. ती फुगून सिरिंजचा दट्ट्या वर येतो, बुचाचे टोक उचलले जाते आणि गोट्या गडगडत गरम टोकाकडे जातात. मग हवा थंड भागात येऊन आकसते, दट्ट्या खाली बसतो, नळी उलट झुकते. गोट्या हाच डिस्प्लेसर, आणि तो डोळ्यांना दिसतो.

चपटे इंजिन

चहाच्या कपावर किंवा बर्फावर चालणाऱ्या इंजिनात ॲल्युमिनियमच्या दोन चकत्यांमध्ये थर्माकोलचा डिस्प्लेसर असतो. येथे दट्ट्या मोठा करण्याचा मोह टाळावा लागतो. कोलिन यांच्या ढोबळ नियमानुसार हवेच्या कमाल व किमान घनफळांचे गुणोत्तर तापमानातील फरक भागिले 1100, अधिक 1, एवढे असावे. 55 अंशांच्या फरकाला ते 1.05 येते; म्हणजे आत 200 घनसेंमी. हवा असेल तर दट्ट्याची एक धाव 10 घनसेंमी. पुरे.

सीडी प्लेअरची लहान मोटर फ्लायव्हीलला जोडून डब्याच्या चांगल्या इंजिनाने एलईडी लुकलुकवता येतो. पंखा फिरवायची अपेक्षा ठेवू नये. बंदिस्त हवेचा दाब वातावरणाच्या दाबाजवळच राहत असल्याने बॉयलरसारखा फुटण्याचा धोका नाही. धोका असतो तो उघड्या ज्योतीचा, कापलेल्या पत्र्याच्या कडांचा आणि डिओडरंटच्या कॅनचा. अशा कॅनमध्ये ज्वालाग्राही वायू उरलेला असतो, म्हणून ते मुळातच वापरू नयेत.

बर्फावर ठेवलेले चपटे इंजिन चहावरच्या उलट दिशेने फिरते, कारण गरम आणि थंड बाजूंची अदलाबदल झालेली असते. नागपुरात मे महिन्यात खोलीचे तापमान 45 अंश असताना बर्फाशी फरकही 45 अंशांचाच पडतो, आणि 85 अंशांच्या चहाशी तो 40 अंशांवर येतो. त्या दिवसांत बर्फ घ्यावा.