कँडिडा ऑरिस

कँडिडा ऑरिस ही यीस्ट गटातील एकपेशीय बुरशी आहे. तिचा संसर्ग प्रामुख्याने रुग्णालयात, त्यातही अतिदक्षता विभागात (आयसीयूत) बरेच दिवस असलेल्या रुग्णांना होतो. निरोगी माणसाला ती सहसा त्रास देत नाही. मात्र सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवीची नळी, व्हेंटिलेटर किंवा शस्त्रक्रियेची जखम यांमुळे शरीरात शिरायला वाट मिळाली, तर ती रक्तात उतरते आणि तिथून इतर अवयवांत पसरते. नेहमीच्या बुरशीरोधक औषधांना ती दाद देत नाही. शिवाय ती कातडीवर आणि वस्तूंवर दीर्घकाळ टिकते आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. यातली शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. कँडिडा अल्बिकन्ससारख्या परिचित जाती बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यातून रक्तात येतात. ऑरिस बहुतेक वेळा बाहेरून, हातांवरून आणि उपकरणांवरून येते. त्यामुळे तिच्यावरचे संशोधन औषधांइतकेच रुग्णालयाच्या रोजच्या कामकाजाभोवती फिरते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2022 मध्ये प्राधान्याने लक्ष देण्याजोग्या रोगकारक बुरशींची पहिली यादी काढली, तेव्हा ऑरिसला सर्वांत गंभीर गटात ठेवले. 2024 मध्ये वर्गीकरणतज्ज्ञांनी तिला कँडिडोझायमा या नव्या प्रजातीत हलवले, पण रुग्णालयांत जुनेच नाव चालते.

या बुरशीचे पहिले वर्णन 2009 मध्ये जपानमधून आले. टोकियोतील एका 70 वर्षांच्या महिलेच्या कानातील स्रावात ती सापडली होती. त्या वेळी तिच्यापासून मोठा धोका असेल असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. 2011 मध्ये दक्षिण कोरियातून रक्तसंसर्गाचे तीन रुग्ण नोंदले गेले आणि साठवलेले जुने नमुने पुन्हा तपासल्यावर त्यांतला एक 1996 सालचा निघाला. भारतातील पहिला अहवाल 2013 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. 2009 ते 2011 या काळातल्या, दोन रुग्णालयांतील 12 रुग्णांचा तो अभ्यास होता. सगळ्यांकडून मिळालेली बुरशी जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारखी होती आणि ती फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या बुरशीरोधक औषधाला जुमानत नव्हती. दोन वेगळ्या रुग्णालयांत एकच वाण सापडणे ही कँडिडाच्या बाबतीत अनोखी गोष्ट होती. रुग्णांमध्ये ती एकमेकांकडून पसरत असावी, हा संशय तिथूनच बळावला.

त्यापुढच्या संशोधनाने मोठे कोडे उभे केले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या (सीडीसीच्या) पुढाकाराने भारत, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला येथील 54 रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीचा आणि जपानमधील मूळ नमुन्याचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच प्रदेशातले नमुने एकमेकांशी जवळजवळ जुळत होते, पण प्रदेशाप्रदेशांत हजारो जनुकीय फरक होते. म्हणजे ही बुरशी एका ठिकाणी उपजून विमानाने जगभर गेली, असे झालेले नाही. दक्षिण आशियाई, पूर्व आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण अमेरिकी अशा चार शाखा साधारण एकाच काळात, स्वतंत्रपणे रुग्णालयांत शिरल्या. पुढे इराणमध्ये पाचवी आणि सिंगापूरमध्ये सहावी शाखा सापडली. त्याच अभ्यासात 93 टक्के नमुने फ्लुकोनॅझोलला, 35 टक्के अँफोटेरिसिन बीला आणि 7 टक्के एकायनोकँडिन या औषधगटाला दाद देत नव्हते. रुग्णांपैकी 59 टक्के दगावले. यातला प्रत्येक मृत्यू बुरशीमुळेच झाला असे म्हणता येत नाही, कारण हे रुग्ण मुळातच अत्यवस्थ असतात. ऑरिसच्या मृत्युदराचा कोणताही आकडा वाचताना हे भान ठेवावे लागते.

एकाच सुमारास अनेक ठिकाणी ती का उद्भवली, यावर 2019 मध्ये अमेरिकेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आर्तुरो कासादेवाल आणि सहकाऱ्यांनी एक तर्क मांडला. निसर्गातल्या बहुतेक बुरशींना माणसाच्या शरीराचे 37 अंश सेल्सिअस तापमान सोसत नाही; आपल्या संरक्षणाचा मोठा वाटा या उष्णतेचा आहे. पृथ्वीचे तापमान वाढत गेले तसा एखाद्या बुरशीला अधिक उष्णतेचा सराव झाला आणि हा अडसर गळून पडला, असे ते म्हणतात. ऑरिस 42 अंशांनाही वाढते आणि तिला खारेपणाही चालतो. 2021 मध्ये चौधरी यांच्या गटाने अंदमानातील एका खाऱ्या दलदलीतून आणि एका वाळूच्या किनाऱ्यावरून ऑरिस मिळवली. निसर्गात ती सापडल्याची ही पहिलीच नोंद. दलदलीतला एक नमुना अधिक तापमानाला हळू वाढत होता आणि औषधांना दादही देत होता, त्यामुळे तो मूळ रूपाच्या जवळचा असावा असे संशोधकांना वाटते. तर्क आकर्षक आहे, पुरावा अजून तुटपुंजा आहे. याच गटाला 2022 मध्ये साठवणीतल्या सफरचंदांच्या सालीवरही ऑरिस सापडली. बागेतून नुकत्याच तोडलेल्या फळांवर ती नव्हती. फळे टिकवण्यासाठी वापरली जाणारी बुरशीनाशके आणि रुग्णांना दिली जाणारी फ्लुकोनॅझोलसारखी अॅझोल औषधे यांच्यातल्या नात्याकडे या निरीक्षणाने लक्ष वेधले.

औषधरोधाची घडण बऱ्यापैकी उलगडली आहे. बुरशीची पेशी जीवाणूच्या तुलनेत माणसाच्या पेशीला खूप जवळची असते. त्यामुळे बुरशीला मारेल पण रुग्णाला इजा करणार नाही, असे औषध शोधणे अवघड जाते. गंभीर संसर्गासाठी डॉक्टरांच्या हाती मुख्यतः तीनच गट आहेत. फ्लुकोनॅझोलसारखी अॅझोल औषधे बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल हा घटक तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात. ऑरिसमध्ये त्या विकराच्या ईआरजी-11 या जनुकातच उत्परिवर्तने झालेली असतात, शिवाय औषध पेशीबाहेर फेकणारे पंपही जोरात चालतात. अँफोटेरिसिन बी एर्गोस्टेरॉलला चिकटून पटल फोडते, पण मूत्रपिंडांना इजा करते. कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन, अॅनिड्यूलाफंजिन ही एकायनोकँडिन औषधे पेशीभित्तिकेवर घाव घालतात आणि आज उपचार त्यांच्यापासूनच सुरू होतो. एफकेएस-1 या जनुकात बदल झाला की तीही निकामी ठरतात. 2021 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन डी.सी. आणि टेक्सास येथे तिन्ही गटांना दाद न देणारी ऑरिस आढळली. तिथल्या रुग्णांना आधी एकायनोकँडिन दिलेले नव्हते. म्हणजे तो रोध उपचारादरम्यान उपजला नव्हता, तो तसाच एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेला होता.

पसरण्याची रीत समजून घेण्यासाठी ऑक्सफर्डचे उदाहरण मुळातून पाहण्यासारखे आहे. जॉन रॅडक्लिफ रुग्णालयाच्या मेंदूविकार आयसीयूत 2015 ते 2017 या काळात 70 रुग्णांमध्ये ऑरिस सापडली. स्वच्छता वाढवली, रुग्ण वेगळे ठेवले, तपासण्या केल्या, तरी साथ हटेना. भिंती, फरशी, हवा यांत बुरशी क्वचितच मिळाली. ती मिळाली काखेत ठेवून ताप मोजणाऱ्या तारेच्या टोकावर. ही तार अनेक रुग्णांना आलटून पालटून लावली जात होती आणि पुसून पुन्हा वापरली जात होती. काख ही तर ऑरिसची आवडती जागा. या तारा वापरातून काढल्यावर नव्या रुग्णांची संख्या घटली. बीपीचा पट्टा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, रुग्ण उचलण्याचा झोळा, स्टेथोस्कोप यांच्याकडे त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले.

या चिवटपणामागची कारणे प्रयोगशाळेत तपासली गेली आहेत. प्लास्टिकवर ही बुरशी किमान 14 दिवस जिवंत राहते. काखेतल्या घामासारखे द्रावण दिले की ती दाट थर धरते. उंदरांवरील प्रयोगांत ती केसांच्या मुळांपर्यंत खोल रुतलेली आढळली; वरून घेतलेला स्वॅब निर्दोष आला तरी आत ती होती. 2023 मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी एससीएफ-1 हे चिकटण्याचे काम करणारे प्रथिन ओळखले. रुग्णालयांत सर्रास वापरली जाणारी क्वाटर्नरी अमोनियम संयुगांची जंतुनाशके तिच्यावर फारशी चालत नाहीत. क्लोरीनयुक्त द्रावण किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागते, आणि तेही पृष्ठभागावर ठरलेला वेळ ओले राहायला हवे. फडका फिरवून लगेच कोरडे केले, तर उपयोग नाही.

भारतातील व्याप्तीचे चांगले चित्र चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या नेतृत्वाखालील अभ्यासातून मिळते. देशातील 27 आयसीयूंत कँडिडाच्या रक्तसंसर्गाच्या 1,400 रुग्णांची पाहणी झाली. त्यांपैकी 74 जणांना, म्हणजे 5.3 टक्के रुग्णांना, ऑरिस होती आणि 19 आयसीयूंत ती पोहोचलेली होती. ऑरिसच्या रुग्णांचा निदानापूर्वीचा आयसीयूतील मुक्काम मध्यक मानाने 25 दिवसांचा होता, इतर जातींच्या रुग्णांचा 15 दिवसांचा. आधी बुरशीरोधक औषध घेतलेल्यांना धोका अधिक होता. कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल ते जुलै 2020 या काळात, दिल्लीतील एका आयसीयूतील 596 कोविड रुग्णांपैकी 15 जणांना कँडिडाचा रक्तसंसर्ग झाला. त्यांतल्या 10 जणांना ऑरिस होती आणि त्यांपैकी 6 जण दगावले. स्टेरॉइड, लांबलेला व्हेंटिलेटर, प्रतिजैविकांचा भडिमार आणि परिचारिकांवर पडलेला कामाचा ताण असे सारे एकदमच होते. अशा रुग्णांच्या अंगावर अनेकदा क्लेब्सिएला किंवा असिनेटोबॅक्टर या जीवाणूंचे औषधरोधी वाणही असतात. त्यांच्यासाठी दिलेली जहाल प्रतिजैविके शरीरातल्या निरुपद्रवी जीवाणूंचा सफाया करतात आणि यीस्टला मोकळे रान मिळते. जीवाणूंचा औषधरोध आणि बुरशीचा औषधरोध हे दोन स्वतंत्र विषय मानण्याची सवय आयसीयूत टिकत नाही.

निदान हा कच्चा दुवा आहे. प्रयोगशाळांतली जुनी स्वयंचलित यंत्रे ऑरिसला कँडिडा हिम्युलोनी किंवा रोडोटोरुला अशी दुसरीच यीस्ट समजत असत. खात्रीची ओळख प्रथिनांवरून सूक्ष्मजीव ओळखणाऱ्या मॅल्डी-टॉफ यंत्राने किंवा डीएनए क्रम पाहून होते, आणि या सोयी भारतातल्या अनेक जिल्ह्यांत हाताशी नाहीत. म्हणून एखाद्या भागातून ऑरिसची नोंद नसणे म्हणजे ती तिथे नसणे, असे मानू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआरने) 2017 मध्ये रुग्णालयांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

नवी औषधे येत आहेत. आठवड्यातून एकदा द्यायचे रेझाफंजिन अमेरिकेत मार्च 2023 मध्ये मंजूर झाले. फॉस्मॅनोजेपिक्स हे वेगळ्या तऱ्हेने काम करणारे औषध चाचण्यांत आहे. पण कातडीवर ठाण मांडून बसलेली ऑरिस हटवण्याचा खात्रीचा उपाय अजून नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने अंग पुसण्याचाही फायदा मर्यादितच दिसतो. काही रुग्णांच्या अंगावर ती महिनोन्‌महिने राहते. त्यामुळे लक्षणे नसलेल्या वाहकावर बुरशीरोधक औषधांचा मारा करत नाहीत. त्याला वेगळ्या खोलीत ठेवतात, त्याची उपकरणे इतरांना वापरत नाहीत, आणि काख व जांघेचा स्वॅब घेऊन शेजारच्या रुग्णांची तपासणी करतात. रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवताना त्याच्या डिस्चार्ज कार्डावर ऑरिसचा ठळक उल्लेख करणे हा याच कामाचा भाग आहे.