रिव्हॉल्व्हरची शिकार : गोळी आणि वेग

रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तुलाने मोठ्या जनावराची शिकार करताना गोळीचे वजन, टोकाचा आकार, धातू आणि वेग यांचा मेळ घालावा लागतो. ही शिकार मुख्यतः अमेरिकेत रुजली. किमान काडतूस व नळीची लांबी यांचे नियम तिथे राज्यागणिक वेगळे आहेत.

सगळा प्रश्न वेगाच्या मर्यादेतून उभा राहतो. रायफलची गोळी सेकंदाला 2,700 फुटांच्या आसपास धावते आणि तिच्या वाटेभोवतीचे मांसही ताणून फाटते. .44 मॅग्नम या जोरकस रिव्हॉल्व्हर-काडतुसाची 240 ग्रेनची (सुमारे 15.6 ग्रॅम) गोळी सेकंदाला 1,200 ते 1,400 फुटांपुढे फारशी जात नाही. या वेगाला ताणले गेलेले मांस बहुतेक पूर्ववत होते. उरते ते गोळीने प्रत्यक्ष पाडलेले भोक. त्यामुळे जाहिरातीतल्या ऊर्जेच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. सूत्रात वेगाचा वर्ग येतो, म्हणून हलकी, वेगवान गोळी कागदावर सरस ठरते आणि खांद्याच्या हाडाला लागून अडकते.

पोकळ टोकाची गोळी ठरावीक वेगाच्या पट्ट्यातच नीट उमलते, म्हणजे तिचे टोक पसरून रुंद होते. वेग जास्त झाला तर ती कातडीखालीच फुटून उथळ जखम करते. कमी पडला तर पोकळीत केस-कातडे गच्च बसते आणि ती न उमलता पुढे जाते. म्हणून नळीच्या तोंडाशी मोजलेला वेग पुरेसा नसतो. सेकंदाला 1,350 फुटांनी सुटलेली गोळी 100 यार्डांवर 1,100 च्या घरात येते, आणि आखूड नळीत तर सुरुवातच कमी वेगाने होते. स्वसंरक्षणासाठी घडवलेल्या गोळ्या हरणासाठीही बहुधा फार लवकर उमलतात.

दुसरी वाट जड, कठीण शिशाच्या सपाट टोकाच्या गोळीची. अमेरिकन नेमबाज व बंदूक-लेखक एल्मर कीथ यांनी .44 स्पेशल या आधीच्या काडतुसात सुमारे 250 ग्रेनची अशी गोळी सेकंदाला 1,200 फुटांच्या आसपास चालवली. 1955 मध्ये आलेल्या .44 मॅग्नममागे त्यांचाच पाठपुरावा होता. ही गोळी उमलण्यावर अवलंबून नाही. रुंद, सपाट टोक मांस कापत आरपार जाते आणि दोन्ही बाजूंनी रक्ताचा माग मिळतो. मात्र शिशात अँटिमनी (शिसे कठीण करण्यासाठी मिसळतात ते) फार झाले तर टोक हाडावर तुटते, आणि गोळी नळीपेक्षा बारीक असेल तर नळीत शिसे साचते. रानडुकरासारख्या जाड, मजबूत हाडापेराच्या जनावराला हीच अधिक भरवशाची.

1967 च्या थॉम्पसन/सेंटर कंटेंडरसारख्या एकबारी पिस्तुलांत रायफलच्या धाटणीची काडतुसे चालतात. तिथे टोकदार गोळी घेता येते, पण ती कमी वेगालाही उमलेल इतकी मऊ हवी. रायफलच्या पूर्ण वेगासाठी केलेली गोळी सुईसारखी आरपार निघून जाते.