पोथीतली चूक आणि मंदावलेली चूल

‘आमचे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत,’ असं ऐकवलं की समोरचा गप्प बसतो. पण मग झाले कशानं? जपानी संशोधकांनी 2009 मध्ये उंदरांवर आयनकारी (क्ष-किरणांसारख्या भेदक) किरणांचा मारा केला. केसांना रंग देणाऱ्या मूलपेशींचा डीएनए तुटला, त्या अकाली प्रौढ होऊन संपल्या आणि नवे केस पांढरे उगवले. त्याआधी 2004 मध्ये स्वीडनमध्ये वेगळेच उंदीर घडवले गेले होते. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रियांच्या) डीएनएची नक्कल करणाऱ्या विकराची (एन्झाइमची) ‘चुका तपासण्याची’ सोय तेवढी काढून टाकली होती. ऐन वयात त्यांचे केस गळाले, पाठीला बाक आला, हाडं ठिसूळ झाली. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या तशाच उंदरांचे केस पिकलेलेही दिसले.

रूप एकच, वाटा दोन: एक केंद्रकातल्या डीएनएच्या इजेची, दुसरी तंतुकणिकांच्या बिघाडाची. आरोग्याच्या सदरांत मात्र दोन्ही ‘पेशींची झीज’ या एकाच पोत्यात कोंबतात आणि वर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांची जाहिरात चिकटवतात.

आधी केंद्रक. तिथला डीएनए म्हणजे सुमारे 3 अब्ज अक्षरांची पोथी. एक प्रत आईकडची, एक वडिलांकडची. प्रत्येक पेशीत तिला रोज हजारो ठिकाणी इजा होते, आणि त्यासाठी ना ऊन लागतं ना तंबाखू. पेशीतलं पाणी आणि प्राणवायू पुरेसे आहेत. ऊन लागलं तर पोथीतली शेजारची दोन ‘टी’ अक्षरं एकमेकांना चिकटतात. मग दुरुस्तीची प्रथिनं ती गाठ हुडकतात, दोन्ही बाजूंनी काप देऊन सुमारे 30 अक्षरांचा तुकडा उचलतात आणि समोरच्या धाग्यावर बघून रिकामी जागा भरतात. अशा दुरुस्त्यांचा उलगडा करणाऱ्या टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिक आणि अझीझ सँकार यांना 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘झेरोडर्मा पिगमेंटोसम’ या आजारात हीच दुरुस्ती जन्मापासून अधू असते आणि त्वचेचे कर्करोग लहानपणीच गाठतात.

इथं एक गफलत हमखास होते. इजा म्हणजे उत्परिवर्तन (अक्षरांतला कायमचा बदल) नव्हे. इजा दुरुस्त होऊ शकते. पण दुरुस्तीआधीच पोथीची नक्कल उतरली, तर चूक पुढच्या पेशींच्या वंशात कायमची जाते. तसं होऊ नये म्हणून पेशी विभागणं थांबवते किंवा स्वतःच मरते. कर्करोग टळतो, पण मूलपेशींचा साठा आटतो आणि थांबलेल्या पेशी आजूबाजूला दाह पसरवत राहतात. म्हातारपणाचा मोठा भाग इजेतून थेट येत नाही, तो या सावधगिरीची किंमत असतो, असं मला वाटतं.

तंतुकणिकांची गोष्ट पोथीची नाही, चुलीची आहे. शाळेत ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ असं एका गुणासाठी पाठ केलं होतं त्याच या. त्यांचा स्वतःचा डीएनए अवघा 16,569 अक्षरांचा, 37 जनुकांचा आणि फक्त आईकडून येणारा. पण एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, त्यामुळे दोन-चार बिघडल्या तरी कळतसुद्धा नाही. बिघडलेल्यांचं प्रमाण साधारण 60 ते 80 टक्क्यांवर गेलं की चूल बसते, आणि झळ पोचते ती जास्त ऊर्जा खाणाऱ्या मेंदूला, हृदयाला, स्नायूंना, डोळ्याच्या नसेला. तरुणपणीच दृष्टी नेणाऱ्या लेबरच्या आजाराचं मूळ अशाच एका अक्षराच्या चुकीत आहे, हे 1988 मध्ये कळलं.

चूल विझायला डीएनए बिघडावाच लागतो असंही नाही. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनींनी नकली हेरॉइन टोचून घेतलं. त्यात एमपीटीपी नावाची भेसळ होती. काही दिवसांतच ते पार्किन्सनच्या जुन्या रुग्णासारखे ताठरले. एमपीटीपीपासून शरीरात बनणारं विष तंतुकणिकांच्या ऊर्जासाखळीची पहिलीच कडी अडवतं.

मग गोळ्यांचा घोळ आला कुठून? अमेरिकी संशोधक डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये मांडलं की मुक्तमूलकं, म्हणजे पेशीत तयार होणारे, दिसेल त्याला इजा करणारे रेणू, म्हातारपण आणतात. पुढं त्यांनी त्याचं खापर तंतुकणिकांवर फोडलं. चुलीचा धूर पोथी काळी करतो आणि अँटिऑक्सिडंट तो धूर आवरतात, असं सोपं चित्र झालं. धूर खोटा नाही. पण त्या बिघडवलेल्या उंदरांत मुक्तमूलकं फारशी वाढलेली नव्हती, तरी ते म्हातारे झाले. आणि फिनलंडमध्ये 29 हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायचा तो वाढला. तो निकाल 1994 चा. जाहिराती अजून चालूच आहेत.

दोन्ही बिघाड एकमेकांत गुंततात, ते वेगळ्याच ठिकाणी. तंतुकणिकेतल्या हजारावर प्रथिनांपैकी फक्त 13 ची कृती तिच्या स्वतःच्या डीएनएत असते, बाकी सगळ्या केंद्रकातल्या पोथीत. शिवाय तुटलेला डीएनए सांधताना पार्प नावाचं विकर एनएडी हा रेणू भराभर खर्च करतं, आणि तोच रेणू चुलीलाही लागतो.

त्या म्हाताऱ्या उंदरांचं पुढं काय झालं? कॅनडात 2011 मध्ये तशाच उंदरांना आठवड्यातून तीनदा, पाच महिने पट्ट्यावर पळवलं. बसून राहिलेले टकले, करडे झाले. पळणाऱ्यांचे केस काळेभोर राहिले. झेरोडर्मा असलेल्या मुलाला मात्र पळून भागत नाही. त्याला खिडकीच्या काचेला फिल्म लावावी लागते आणि अंगणात खेळायला सूर्य मावळायची वाट बघावी लागते.