जुनी लिपी युनिकोडमध्ये स्वतंत्र म्हणून नोंदवायची असेल तर

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी घरांत मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) अजून माळ्यावर आहेत. त्यात अनोळखी वळण दिसलं की ‘ही वेगळी लिपी म्हणून नोंदवता येईल का?’ हा प्रश्न येतोच. युनिकोड म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक, म्हणजे संकेतांक, देणारी जागतिक व्यवस्था. अर्ज कुणालाही करता येतो. ती सांभाळणाऱ्या युनिकोड कन्सॉर्शियम या संस्थेचं सभासदत्व लागत नाही, शुल्क नाही. घोडं अडतं ते वेगळेपण दाखवताना.

नुसतं वळण निराळं, एवढ्यावर लिपी वेगळी ठरत नाही. पेशवेकालीन मोडी सराईतपणे वाचणारा शिवकालीन कागदापाशी अडखळतो. तरीही २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये आली ती एकच लिपी म्हणून. अक्षरं तीच, वळण दाखवणं फॉन्टचं काम. मराठीच लिहिणारी देवनागरी मात्र मोडीहून वेगळी मानली गेली: देवनागरी येणाऱ्याला मोडी शिकल्याशिवाय वाचता येत नाही, आणि मोडीत आधी ओळभर रेघ ओढून मग अक्षरं लिहितात, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळत नाहीत. नंदिनागरीचा निवाडा अधिक नाजूक. ती देवनागरीची सख्खी बहीण, पण तिच्यात शिरोरेघ सलग नाही, प्रत्येक अक्षराची सुटी. विजयनगरचे ताम्रपट आणि मध्वाचार्यांच्या माध्व परंपरेच्या पोथ्या तिच्यात आहेत. २०१९ मध्ये तिला स्वतंत्र जागा मिळाली.

प्रस्ताव इंग्रजीत लिहायचा. सोबत ठरलेलं प्रपत्र, नावांसह अक्षरतक्ता, वर्णक्रम, जोडाक्षरांचे नियम आणि तक्ता छापण्यासाठी फॉन्ट. माझ्या मते सगळा भार पुराव्याच्या चित्रांवर असतो. सुटं अक्षर कापून पाठवू नका. पूर्ण पान, कागद कुठला, कोणत्या सालचा, हे लिहा. घरच्यांची परवानगी घ्या, मूळ कागद हातचा सोडू नका, आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका.

लिपीतज्ज्ञांचा गट प्रस्ताव तपासतो, शंका विचारतो, शिफारस करतो. निर्णय युनिकोडच्या तांत्रिक समितीचा. यात वर्षं जातात, कारण एकदा दिलेला संकेतांक काढता येत नाही, नावही बदलत नाही.

रुमालात एखादीच नवी खूण सापडली असेल तर नव्या लिपीचा नव्हे, आहे त्या लिपीत एका चिन्हाचा प्रस्ताव करावा. हिशेबातल्या पाव, अर्धा, पाऊण यांच्या खुणा मात्र २००९ पासूनच युनिकोडमध्ये आहेत. तो तक्ता आधी पाहून घ्या.