आरएसओ आणि फिजिसिस्ट : एकाच खुर्चीवरची दोन पदं

कॅन्सर रुग्णालयाच्या रेडिएशन विभागात मेडिकल फिजिसिस्टची, म्हणजे पेशंटला द्यायच्या किरणांचा डोस मोजणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाची, जागा निघाली की जाहिरातीत हमखास एक ओळ असते : आरएसओ लेव्हल-३ (विकिरण सुरक्षा अधिकारी होण्याची पात्रता) असल्यास प्राधान्य. एमएस्सीनंतर या क्षेत्राकडे वळणाऱ्या मुलांना वाटतं, ही एकाच कामाची दोन नावं असावीत. तशी ती नाहीत. तरी बहुतेक केंद्रांत दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात, आणि त्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे.

१९६२ साली अणुऊर्जा कायदा झाला आणि त्याच वर्षी ट्रॉम्बेत रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा सुरू झाला. फिजिक्स शिकलेली मुलं तिथून देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांत गेली. म्हणजे हा पेशा आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात नव्हे, अणुऊर्जेच्या आवारात घडला. पुढच्या गुंत्याचं मूळ मला तिथेच दिसतं.

त्या पिढीचा दिवस किरणोत्सारी कोबाल्टच्या मशीनभोवती फिरायचा. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे स्रोत महिन्याला साधारण १ टक्का क्षीण होतो. नव्या स्रोतावर दीड मिनिटात होणारी ट्रीटमेंट पाच-सव्वापाच वर्षांनी तीन मिनिटांवर जायची. म्हणून दर महिन्याला वेळांचा नवा तक्ता करून कन्सोलजवळ लावायचा आणि जुना आठवणीनं फाडून टाकायचा. सीटी प्लॅनिंग नव्हतं तेव्हा शिशाची तार पेशंटच्या अंगावरून वळवून घ्यायची, आकार न बिघडवता अलगद उचलायची, ग्राफ पेपरवर ठेवून बाजूनं पेन्सिल फिरवायची आणि त्यावर आयसोडोज चार्ट (शरीरात कुठे किती डोस पोचतो हे रेषांनी दाखवणारा नकाशा) ठेवून बेरजा करायच्या. लिनॅक (विजेवर किरण तयार करणारं मशीन) आणि आयएमआरटी (ट्यूमरच्या आकारानुसार किरणांची तीव्रता बदलणारी पद्धत) आल्यावर तार गेली, कॉम्प्युटर आला. त्यानं हिशोब भरभर होऊ लागले, पण तपासण्या वाढल्या. आयएमआरटीत तर प्रत्येक पेशंटचा प्लॅन आधी फँटमवर, म्हणजे शरीराऐवजी ठेवायच्या नमुन्यावर, मोजून पाहावा लागतो, आणि ते काम पेशंटची वेळ संपल्यावर, रात्रीच होतं.

आता आरएसओ. रेडिऑलॉजिकल सेफ्टी ऑफिसर हे पद विकिरण संरक्षणाच्या १९७१ च्या नियमांत आलं. १९८३ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं आणि २००४ च्या नव्या नियमांनी जबाबदाऱ्या अधिक स्पष्ट केल्या. आरएसओ नेमतो मालक, त्याला मान्यता देतं मंडळ. ती मान्यता त्या संस्थेपुरती असते. नोकरी बदलली की नव्या ठिकाणाहून पुन्हा नामनिर्देशन. आरएसओशिवाय मशीन चालवता येत नाही, त्यामुळे व्यवस्थापनाला हे पद नीट समजतं. फिजिसिस्ट मात्र 'लायसन्ससाठी लागणारा माणूस' म्हणून लक्षात राहतो.

या दोन कामांतला फरक पुण्याच्या उदाहरणानं चांगला कळतो. मशीनचा आउटपुट, म्हणजे ते किती किरण देतं हे, मोजायचा चेंबर ही हवा भरलेली छोटी पोकळी असते आणि ती बाहेरच्या हवेला उघडी असते, म्हणून त्यात हवा किती आहे यावर रीडिंग ठरतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. तिथे हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास, मुंबईत १०१३ च्या आसपास. चेंबरमध्ये हवा कमी, म्हणून रीडिंग साधारण ६ टक्के कमी. विभागातल्या बॅरोमीटरवर दाब वाचून ही दुरुस्ती करायची असते. पण बॅरोमीटर बंद आहे म्हणून कुणी हवामानाच्या बातमीतला आकडा घेतला, तर तो समुद्रसपाटीच्या हिशोबानं बदललेला दाब असतो! मग मशीन ६ टक्के कमजोर आहे असं दिसतं, वेळ वाढवली जाते, आणि त्या दिवसापासून प्रत्येक पेशंटला ६ टक्के जास्त डोस जातो. ट्यूमरला दिलेला डोस ५ टक्क्यांच्या आत अचूक हवा, हा सर्वमान्य दंडक. एवढी चूक होऊनही अलार्म वाजत नाही. खोलीबाहेरचे किरण तपासणारा सर्व्हे मीटर ठीक, किरण अडवणाऱ्या भिंती ठीक, कर्मचाऱ्यांच्या अंगावर पडलेले किरण मोजणारे टीएलडी बॅज ठीक. सुरक्षेच्या रजिस्टरमध्ये सगळं नियमानुसार. ही चूक पकडणारा असतो फिजिसिस्ट, आणि जाहिरातीत मागितली जाते आरएसओची पात्रता.

दोन्ही कामं एका माणसानं करण्याचं समर्थनही होतं, आणि त्यात तथ्य आहे : छोट्या केंद्राला दोन माणसं परवडत नाहीत, आणि मशीनची आतून ओळख नसलेला सुरक्षा अधिकारी कागदापुरताच उरतो. पण हाच माणूस पगार मालकाकडून घेतो आणि सुरक्षेचा अहवाल मंडळालाही पाठवतो. मशीन थांबवा असं सांगायची वेळ येते तेव्हा बाहेर बाकावर तीस पेशंट बसलेले असतात, आणि सांगणारा माणूस एकटा असतो.

२०११ च्या सुरक्षा संहितेनं फिजिसिस्टसाठी पदव्युत्तर शिक्षणानंतर सुसज्ज विभागात १२ महिन्यांची इंटर्नशिप आवश्यक केली. माझ्या मते इतक्या वर्षांत या पेशाला उपचाराच्या बाजूनं मिळालेली ही पहिली ठोस ओळख. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यानं मेडिकल फिजिसिस्टला मशीन चालवणाऱ्या रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्टांसोबत एकाच गटात घेतलं. आंतरराष्ट्रीय व्यवसाय-वर्गीकरणात मात्र तो भौतिकशास्त्रज्ञांच्या गटात आहे, आणि तो आरोग्यसेवेचाही अविभाज्य भाग आहे अशी टीप तिथे जोडलेली आहे. वेतनश्रेणी कुठली आणि विभागात शब्द कुणाचा चालणार, हे प्रश्न या दोन नोंदींमध्ये अडकलेले आहेत.