व्यायामाचा पहिला महिना : आरशाला सगळ्यात उशिरा कळतं

पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात पन्नास बैठका मारल्या, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या जाब विचारतात. या दुखण्याचं खापर अजूनही लॅक्टिक आम्लावर फुटतं. काही ट्रेनरही ते बिनदिक्कत फोडतात. पण व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट (शरीरात हे आम्ल याच रूपात असतं) तास-दीड तासात रक्तातून निघून जातं आणि दुखणं मात्र २४ ते ७२ तासांनी टिपेला पोहोचतं. हिशेब जुळत नाही. खरं कारण म्हणजे स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि तिच्या दुरुस्तीत येणारा दाह. स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार पेलावा लागला, तर ही इजा जास्त होते. बैठकीत खाली जाताना तेच घडतं, गड उतरतानाही तेच. सिंहगड करून आल्यावर जे पाय दुखतात, ते चढण्यापेक्षा उतरण्यामुळे.

यातली चांगली गोष्ट अशी, की तोच व्यायाम आठवड्याभराने पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं. स्नायू एका फेरीतच सावध होतात आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. ते मिळवायला पन्नास बैठका लागत नाहीत, दहाही पुरतात.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एक कोडं पडतं. उचलता येणारं वजन वाढत जातं, दंडाचं माप मात्र तिथल्या तिथे. मोरितानी आणि डीव्राइस या संशोधकांनी १९७९ मध्ये याचा उलगडा केला : सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्थेतून येते. आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला मेंदू आणि मज्जारज्जू शिकतात. स्नायू डोळ्यांना जाणवण्याइतका भरायला साधारण दीड-दोन महिने लागतात. आणि नेमक्या या मधल्या काळात माणसं आरशाकडे बघून जिम सोडतात!

धावणाऱ्या-चालणाऱ्यांचा अनुभव वेगळा. रक्तातल्या द्रवाचं प्रमाण पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच वाढतं, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि तोच चढ कमी धापेत पार होतो. मला विचाराल तर धोका इथे आहे. दम वाढला म्हणून माणूस अंतर दुप्पट करतो. पण स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडं यांना जुळवून घ्यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. मग नडगी नाहीतर टाच धरते.

सवय लागण्याचं गणितही असंच सावकाश आहे. ‘२१ दिवसांत सवय’ हे ऐकायला बरं वाटतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एक नवी गोष्ट निवडून तीच रोज करायला सांगितली. ती आपोआप होऊ लागायला लागणारा मध्यम काळ निघाला ६६ दिवस. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी गणिती अंदाज २५४ पर्यंत गेला. व्यायामाला तर खाण्या-पिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. मात्र एखाद्या खाड्याने फारसं काही बिघडलं नाही.

आणि खाडा लांबला तर? लग्नसराई, दिवाळी, परीक्षा, काहीही निघतं. दम दोन-तीन आठवड्यांत घटू लागतो, ताकद त्याहून जास्त टिकते. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८१ मध्ये आठवड्याला सहा दिवस कसून व्यायाम करणाऱ्यांना चार किंवा दोनच दिवसांवर आणलं. पंधरा आठवड्यांनंतरही त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जवळपास तशीच होती. पुढच्या एका प्रयोगात दिवस तेच ठेवून जोर कमी केला, तेव्हा मात्र ती घसरली. त्यामुळे धावपळीच्या आठवड्यात दिवस कमी केले तरी चालतील. पण जे दोन दिवस जमतील, त्यांत नेहमीइतकाच घाम निघू द्या.