कसारा घाटात अर्धं झालेलं औषध

"औषध आधीच आणून ठेवायला काय होतं? एवढं मोठं हॉस्पिटल, साधा फ्रिज नाही यांच्याकडे?" काकू चिडली होती, आणि तिचं चिडणं रास्त होतं. काका रात्रीपासून उपाशी. नाशिकला त्यांचा पेट स्कॅन (PET, कर्करोग शोधणारी तपासणी) होता. अकराच्या सुमारास काउंटरवरून कळलं की मुंबईहून निघालेली इंजेक्शनची गाडी कसारा घाटात अडकली आहे, उद्या या.

काकूला मी सांगू पाहत होतो की या औषधाला फ्रिजचा काही उपयोग नाही. त्यातलं फ्लोरिन-१८ हे समस्थानिक, म्हणजे फ्लोरिन मूलद्रव्याचा किरणोत्सर्गी प्रकार, दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. बर्फात ठेवा नाहीतर उन्हात, फरक शून्य. पावणेचार तास रस्त्यात गेले की पाव भागच उरतो, म्हणून मुंबईहून निघतानाच चौपट भरून पाठवावं लागतं. वर घाटात दोन तास गेले, तर त्या पावाचंही निम्मं.

म्हणजे हे औषध रोज ताजं बनवावं लागतं, पहाटेच्या दुधासारखं. कुठे? बहुतेकांना वाटतं अणुभट्टीत. काही समस्थानिकं तिथे बनतातही, पण हे बनतं सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना गोल फिरवून वेग देणाऱ्या यंत्रात. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. कोलकात्याला २०१८पासून ३० एमईव्हीचं (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणाच्या ऊर्जेचं माप) मोठं यंत्रही आहे.

आता माझ्या आवडीचं. फ्लोरिन-१८ बनवायला प्रोटॉन, म्हणजे धन प्रभाराचा सूक्ष्म कण, दुसऱ्या अणूच्या केंद्रकात घुसवावा लागतो, आणि त्याला जबरदस्त वेग हवा. त्यासाठी एकदाच दीड कोटी व्होल्टचा धक्का देणं महाकठीण. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉरेन्सने बर्कलीत वेगळा विचार केला: छोटा धक्का, पण पुन्हा पुन्हा. पेढ्यांचा गोल चपटा डबा मधोमध उभा कापला आणि दोन अर्ध्यांत थोडी फट ठेवली, असं समजा. वरखाली प्रचंड चुंबक. चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन गोल वळतो आणि दर अर्ध्या फेरीला फट ओलांडतो. नेमका तेव्हाच त्याला विजेचा धक्का द्यायचा. वेग वाढला की वर्तुळही मोठं होतं. आणि गंमत अशी, की वेग दुप्पट तर वर्तुळाचा घेरही दुप्पट, म्हणजे फेरीला वेळ तेवढाच! झोका थोडा उंच गेला तरी परत यायला तेवढाच वेळ घेतो, म्हणून ढकलणाऱ्याला ताल बदलावा लागत नाही, तसंच हे. लॉरेन्स आणि त्याचा विद्यार्थी लिव्हिंग्स्टन यांचं १९३१चं पहिलं यंत्र साडेचार इंचांचं होतं. दोन हजार व्होल्टही न लावता त्यातून ८० हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे कण निघाले.

१.४ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबकात हा ताल सेकंदाला सुमारे दोन कोटी फेऱ्यांचा पडतो. दर ओलांडणीला ४० हजार व्होल्ट धरले, तर १६ एमईव्ही गाठायला २०० फेऱ्या लागतात. म्हणजे सेकंदाचा एक लाखावा भाग! तोवर वर्तुळाची त्रिज्या झालेली असते जेमतेम ४० सेंटिमीटर. (या वेगाला आइन्स्टाइनसाहेब थोडे आडवे येतात. कण दीड-पावणेदोन टक्के जड झाल्यासारखा वागतो आणि ताल चुकू लागतो. म्हणून चुंबकाला उंचसखल पाकळ्या देऊन बाहेरच्या बाजूचं क्षेत्र किंचित वाढवतात. हे डोक्यावरून गेलं तरी हरकत नाही.)

पण गोल फिरणारा कण बाहेर कसा काढायचा? इथली युक्ती मला भारीच आवडते. आधुनिक यंत्रांत बहुधा नुसता प्रोटॉन फिरवतच नाहीत. दोन इलेक्ट्रॉन असलेला, ऋण प्रभाराचा हायड्रोजन फिरवतात. कडेला कार्बनचा अतिपातळ पापुद्रा धरलेला असतो. त्यातून जाताना दोन्ही इलेक्ट्रॉन सोलले जातात, ऋणाचा धन होतो, आणि आतापर्यंत डावीकडे वळणारा कण उजवीकडे वळून आपणहून बाहेर पडतो.

पुढे असतं दोन-तीन मिलिलिटर पाणी, पण साधं नव्हे. त्यातला ऑक्सिजन १८ वजनाचा, निसर्गात हजारात दोनच सापडणारा. प्रोटॉन आत शिरतो, न्यूट्रॉन बाहेर पडतो, ऑक्सिजनचं फ्लोरिन होतं. ते साखरेच्या रेणूला जोडलं की एफडीजी, म्हणजे काकांचं ते इंजेक्शन, तयार. कर्कपेशी साखरेला हावरट, त्या ते ओढून घेतात आणि स्कॅनमध्ये उजळतात. परीस शोधण्यात पिढ्या घालवणाऱ्यांनी हे पाहायला हवं होतं. मूलद्रव्य खरंच बदलतं, फक्त सोनं मिळत नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर शेजारच्या गृहस्थांनी काकांना 'रेडिएशन शोषणारी' चिप दाखवली, मोबाइलच्या पाठीवर चिकटवायची. या औषधाचे गॅमा किरण निम्मे करायला चार-पाच मिलिमीटर शिसं लागतं. स्टिकरने ते अडत असते, तर बाटली शिशाच्या जड डब्यातून कशाला आणली असती?

"मग नातवाला जवळ घ्यायचं नाही का?" काकूचा पुढचा प्रश्न. काही तास नको, म्हटलं. चोवीस तासांनी जवळपास नऊ हजारावा भाग उरतो, तोही लघवीवाटे जातो ते सोडून.

दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर आली. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी डबा खाली ठेवला. त्यावरच्या लेबलवर तारखेसोबत तास आणि मिनिटंही छापलेली होती. टेक्निशियनने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग सही केली.